तिसरी प्रत

धोकटे घराण्यात लग्न ठरलं की आधी कार्यालय बघत, मग आचारी, आणि मग नाइलाजानं वैजयंतीला फोन करत. नाइलाजानं अशासाठी की नव्या सुनेचं नाव घराण्याच्या झाडात चढवायचं म्हटलं की ती हटकून विचारणार, "जन्मतारखेला आधार काय?" दाखला असला तर तारीख हिरवी. नुसतं कुणी सांगितलेलं असलं तर पिवळी, पुढे 'सांगीव'. आणि आधारच नसला तर वैजयंती ती नोंद घ्यायचीच नाही. एकदा तिच्या सख्ख्या चुलतभावानं स्वतःचाच वाढदिवस सांगितला, तर ही म्हणाली, "दादा, तू तेव्हा फारच लहान होतास."

बार्शीतलं मूळ शिंप्यांचं घराणं, आता सोलापूर-पुण्यापासून टोरांटोपर्यंत पांगलेलं. सातशेच्या वर माणसं आणि प्रत्येकाखाली आधारांची उतरंड. हे सगळं 'मूळपट' नावाच्या प्रणालीत होतं आणि अठ्ठावन्न वर्षांची वैजयंती सोलापुरात बसून ते सांभाळत होती. बँकेतून लवकर निवृत्ती घेतली होती, नवरा स्वभावानं गरीब होता, त्यामुळे तिला अडवणारं कुणी नव्हतं.

त्या मंगळवारी सकाळी तिनं चहाचा कप टेबलावर ठेवला, पडदा उजळला, आणि मूळपटानं तिला विचारलं:

'दत्तात्रय रंगनाथ धोकटे हे यमुनाबाईंचे अपत्य असल्याचा आधार रद्द करावा का?'

दत्तात्रय म्हणजे तिचे वडील. वैजयंतीनं चष्मा पुसला आणि प्रश्न पुन्हा वाचला. चहा तसाच निवला.

प्रणाली असं का विचारत होती हे समजायला थोडं मागं जायला हवं. पूर्वी झाडातला आधार म्हणजे कागद असायचा. गेल्या दहाबारा वर्षांत त्यात माणसांची भर पडली. गेलेल्या माणसाचं रक्त कुठून आणणार? पण त्याचे जनुक मुलाबाळांत, नातवंडांत तुकड्यातुकड्यांनी वाटले गेलेले असतात. पुरेशा वंशजांनी लाळेचे नमुने दिले की ते तुकडे जुळवून मूळ माणूस पुन्हा मांडता येतो. घरातल्या बायकांनी वाटून घेतलेल्या जुन्या शालूच्या तुकड्यांवरून मूळ काठ कसा होता ते कळतं ना, तसंच. आणि प्रत्येक तुकड्याखाली आधार: हा अमक्याकडून आला. म्हणजे जिवंत माणसंच आता मेलेल्यांचे आधार झाली होती.

या जुळणीला एक साधा नियम आहे. माणसाकडे प्रत्येक जनुकाच्या दोनच प्रती असतात आणि लेकराला त्यातली एक जाते. मुलं दोन असोत की दहा, त्यांना आईकडून मिळालेल्या प्रती वेगळ्या काढून मोजल्या तर त्या दोनाच्या वर जाऊच शकत नाहीत.

यमुनाबाईंच्या तीन निघाल्या होत्या. धाकटी तीन मुलं, म्हणजे शालनआत्या आणि दोघे काका, यांच्या शाखा एकमेकींशी जुळत होत्या. वडिलांची बाजू चौघांचीही जुळत होती. आईच्या बाजूनं तेवढे थोरले दत्तात्रय वेगळे पडत होते. तीन विरुद्ध एक असा हिशेब यंत्रानं केला आणि एकाला वगळायला निघालं.

आयुष्यभर दुसऱ्यांना आधार मागणाऱ्या बाईच्या बापालाच आधार उरला नव्हता. कुणी परक्यानं हे ऐकलं असतं तर हसला असता. वैजयंतीला हसू आलं नाही, कारण हा खटाटोप तिनं हौसेनं केला नव्हता.

तिची मुलगी रेवा सत्तावीस वर्षांची. पोहायला शिकवायची. दोन महिन्यांपूर्वी तलावाच्या काठावर उभ्याउभ्या कोसळली आणि पाण्यात गेली. तिच्या शिष्यांनीच तिला वर काढलं. तपासात हृदयाच्या स्नायूच्या जनुकात एक बदल सापडला. तो बदल वैजयंतीतही होता, आणि तिला आजवर साधी धाप लागली नव्हती.

"हा बदल कुठल्याच यादीत नाही," डॉक्टर नसरीन इनामदार म्हणाल्या होत्या. "निरुपद्रवी असेल, जीवघेणाही असेल. आपल्याकडे एका सलाइनमध्ये होणारी जनुकदुरुस्ती आहे, पण ती एकदा केली की परत फिरवता येत नाही. म्हणून परवानगी देणारं मंडळ घराण्याचा इतिहास मागतं. ज्यांच्यात हा बदल होता ती माणसं कशी गेली? निदान दोघं हृदयानं अकाली गेल्याचा आधार हवा."

एक होते. दत्तात्रय सत्तेचाळिसाव्या वर्षी दुकानात कापड फाडताफाडता गेले, त्याचा शवविच्छेदनाचा अहवाल होता. पण तेव्हा आत्याचा आणि वैजयंतीचा असे दोनच नमुने होते, त्यामुळे प्रतीही दोनच दिसत होत्या. मूळपटानं बदल यमुनाबाईंच्या नावावर टाकला. यमुनाबाई तर चौऱ्याऐंशी वर्षं ठणठणीत जगल्या. मंडळानं निकाल दिला, बदल बहुधा निरुपद्रवी, दुरुस्तीची गरज नाही.

वैजयंतीला तो निकाल पटला नाही. तिनं काकांच्या मुलांच्या हातापाया पडून नमुने गोळा केले, आणि ही तिसरी प्रत वर आली.

"म्हणजे बदल यमुनाबाईंचा नव्हताच," डॉक्टर म्हणाल्या. "तुमच्या वडिलांची आई वेगळी आहे. ती कोण, कशानं गेली, हे कुणीतरी सांगायला हवं."

"यंत्र नाही शोधू शकत?"

"सगळ्या महाराष्ट्राची झाडं त्यात आहेत. पण आधाराशिवाय परक्याच्या झाडात डोकावायला कायद्यानं बंदी आहे. कुणीतरी नावानिशी म्हणायला हवं, की ती बाई अमक्या घरची होती."

सांगू शकेल असं माणूस एकच उरलं होतं.

शालनआत्या अठ्ठ्याऐंशीची. लग्न झालं, वर्षाच्या आत नवरा गेला, माहेरी परतली ती कायमची. बार्शीत भगवंताच्या देवळामागे पहिल्या मजल्यावर एकटी राहायची आणि एकटीनंच सगळ्या गल्लीला धारेवर धरायची. दत्तात्रय गेले तेव्हा वैजयंती पाच वर्षांची होती. तिची आई दुकानात बसायला लागली आणि वैजयंतीच्या वेण्या, डबे, पाढे, मार हे सगळं आत्याकडे आलं. तिच्या हातची शेंगाचटणी अजून महिन्याच्या महिन्याला सोलापूरला यायची.

वैजयंती पोचली तेव्हा आत्या जमिनीवर फतकल मारून शेंगा फोडत होती.

"आलीस? बस. मिल्यानं काय लिहिलंय ते वाचलं मी."

मूळपट असली सूचना नमुने देणाऱ्या सगळ्यांना पाठवतं. मिलिंद, म्हणजे धाकट्या काकांचा मुलगा, त्यानं घरच्या गटावर लिहिलं होतं, 'म्हणजे आजोबांचं बाहेर काही होतं की काय?' आणि पुढे हसरी तोंडं.

"आमच्या बापानं, अण्णांनी उभ्या जन्मात परक्या बाईचं माप घेताना मान वर केली नाही," आत्या म्हणाली. "आणि हे बेणं दात काढायलंय."

"मग तू सांग ना, आत्या. बाबांची आई कोण होती?"

"जी माझी, तीच त्याची."

"यंत्र तसं म्हणत नाही."

"यंत्राला विचार, तुझी आई कोण म्हणून." आत्यानं एक शेंग जरा जास्तच जोरात फोडली. "आणि माझ्या सांगण्याला काय किंमत? मी पडले सांगीव. दत्तूनं पहिल्या पगाराचं लुगडं आईच्या मांडीवर ठेवलं आणि आई दिवसभर रडली, ही गोष्ट मी तुला सांगितली होती. तू घेतलीस का झाडात? 'तारीख सांगीव चालते, गोष्टीला आधार लागतो' म्हणालीस. विसरले नाही मी."

 तसं वैजयंती म्हणाली होती, आणि तेव्हा तिला आपण मोठं काटेकोर काम करतोय असं वाटलं होतं.

"चुकलं माझं," ती म्हणाली.

"मग आता कशाला आलीस माझ्याकडं?"

रेवाचं आत्याला कळू दिलं नव्हतं. म्हातारं माणूस, उगाच जिवाला घोर कशाला, असं सगळ्यांनी ठरवलं होतं. वैजयंतीनं आता सगळं सांगितलं. तलाव, कोसळणं, जनुक, मंडळ. ही गोष्ट कुणापुढे सलग सांगायची तिची पहिलीच वेळ होती.

आत्याचे हात थांबले होते. 

"दत्तू असाच गेला," ती म्हणाली. "आणि ती पण अशीच गेली."

"ती कोण?"

"यमुना. आईच्या आधीची."

आणि मग तिनं सांगितलं. अण्णांची पहिली बायको यमुना, वैरागच्या बगाड्यांची लेक. दत्तू दीड वर्षाचा होता. त्याला पाळण्यात घालून ती उठली, उंबऱ्यापर्यंत गेली, तिथंच बसली आणि बसल्या जागी गेली. बावीस वर्षांची होती. वर्षभरात अण्णांचं दुसरं लग्न लावलं. लग्नात नव्या नवरीचं नाव बदलायची रीत होतीच. ताटात तांदूळ पसरले, आणि अण्णांच्या आईनं त्यांना सांगितलं, यमुनाच लिही. पोराची आई यमुना होती, ती यमुनाच राहू दे. पोराला कळायला नको की एक गेली आणि दुसरी आली.

तेव्हा ना लग्नाची सरकारी नोंद, ना जन्माचा दाखला. एका घरात एकाच नावाच्या दोन बाया एकीमागून एक नांदल्या आणि मागून येणाऱ्यांना त्या एकच दिसल्या. मूळपट बनवणाऱ्यांच्या देशात दुसरी बायको स्वतःच्या नावानं घरात येते. आपल्याकडे मेलेल्या सवतीचं नाव घेऊन कुणी साठपासष्ट वर्षं संसार करेल, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नसेल.

आत्या उठली, देवघरातून एक काळपट चांदीचा टाक घेऊन आली. त्यावर बाईची आकृती ठोकलेली होती. "हा आईच्या गळ्यात असायचा. तुम्हाला वाटायचं देवीचा आहे. सवतीचा टाक आहे हा. दुसरेपणाची बायको पहिलीला असं गळ्यात वागवायची. आई रोज आंघोळ झाली की याला कुंकू लावायची, म्हणायची, बाई, तुझं पोर जेवलं गं."

"तिचं स्वतःचं नाव काय होतं?"

"हौसा." आत्यानं ते नाव इतक्या हळू घेतलं की वैजयंतीला पुन्हा विचारावं लागलं. "मरताना आईनं माझा हात धरला. म्हणाली, शाले, दत्तूला सावत्रपणाचा वारा लागू दिला नाही मी. तो तसाच गेला, बरं झालं. आता त्याच्या लेकरांनाही लागू देऊ नको. मी हो म्हणाले. आणि आता तू म्हणतीस, ते सगळ्या दुनियेपुढं सांग, नाव घालून."

"हो," वैजयंती म्हणाली.

"उद्या तू म्हणशील, ही काय माझी सख्खी आत्या नाही."

"आत्या, माझ्या वेण्या कुणी घातल्या?"

"त्याला आधार काय?" आत्या म्हणाली, आणि शेंगांची पाटी उचलून आत गेली. ती काही बाहेर आली नाही. तासाभरानं वैजयंती निघाली तेव्हा आतून कढई घासल्याचा आवाज येत होता.

दोन दिवस गेले. वैजयंतीनं फोन केला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी दारात रिक्षा थांबली आणि हातात पिशवी घेऊन आत्या उतरली. अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी बार्शीहून एकटी एसटीनं आली होती. पिशवीत चटणीचा डबा आणि रुमालात गुंडाळलेला टाक.

"चल," ती म्हणाली. "कुठं बोलायचंय ते दाखव. नंतर माझं मन बदलेल."

जबाब रुग्णालयातच घेतला. छोटी खोली, समोर कॅमेरा, डॉक्टर इनामदार, वैजयंती आणि रेवा. आत्यानं वैरागचं सांगितलं, उंबऱ्याचं सांगितलं, टाक टेबलावर ठेवला. सगळं सरळ, न अडखळता. मग डॉक्टरांनी समोरचा मजकूर वाचला.

"आजी, शेवटी एक वाक्य तुमच्या तोंडून यायला हवं. तुम्ही त्या पहिल्या यमुनाबाईंच्या रक्ताच्या नाही, म्हणून तुमच्या सांगण्यात तुमचा फायदा नाही. त्यामुळेच मंडळ ते धरतं. म्हणायचं आहे, 'दत्तात्रय धोकटे हे माझे सावत्र भाऊ होते.'"

  आत्यानं पदरानं ओठ पुसले.

"नुसतं भाऊ म्हटलं तर?"

"नाही चालणार, आजी."

रेवा खुर्चीतून उठली. "आजी, नको म्हणूस. आपण दुसरं काहीतरी बघू. खरंच नको."

"खाली बस," आत्या म्हणाली. "तुझा आजोबा माझ्यासमोर पडला. मला वाटलं भोवळ आली. मी पाणी आणायला गेले, आणि परत आले तर संपलं होतं. बस खाली."

मग तिनं कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि ते वाक्य म्हटलं. दत्तूच्या नावापुढे सावत्र हा शब्द तिनं आयुष्यात पहिल्यांदाच लावला असावा, कारण तो तिला नीट जमला नाही. डॉक्टरांनी पुन्हा म्हणायला सांगितलं नाही.

आठवड्याभरात मूळपटानं वैरागच्या बगाड्यांचं झाड उघडलं. तिसरी प्रत तिथं सापडली, तोच बदल घेऊन. त्या झाडात ऐन तरुणपणी गेलेले तिघं होते. एक कुस्ती खेळताना, एक झोपेत, एक शाळेच्या कवायतीत. तिघांचेही वैद्यकीय कागद हिरवे होते. यंत्रानं स्वतःची चूक मान्य केली, अर्थात यंत्रं मान्य करतात तशी, एका ओळीत: 'यमुनाबाई: व्यक्ती दोन.' मंडळानं दुरुस्ती मंजूर केली. मिलिंदनं गटावरचा मजकूर गुपचूप काढून टाकला.

नवीन मांडणीत वैजयंतीनं दुसऱ्या यमुनाबाईंच्या नावाखाली 'माहेरचे नाव: हौसा' असं लिहिलं, आणि लुगड्याची गोष्टही घेतली. आधार: शालन धोकटे.

रेवाला सलाइन लावलं तो दिवस उकाड्याचा होता. दुरुस्तीनंतर तीन दिवस रुग्णाला वेगळ्या कक्षात ठेवतात आणि घरच्या दोघांनाच भेटू देतात. आत्या सकाळपासून पायऱ्यांवर येऊन बसली होती. दार उघडल्यावर वैजयंती तिला धरून आत निघाली, तर दारावरच्या तरुण परिचारिकेनं हात आडवा केला. तिच्या पडद्यावर आत्याचा चेहरा आला होता.

"शालनताई ना? तुम्हाला नाही जाता येणार. नातं सावत्र दाखवतंय. यादीत सख्खेच बसतात."

"कुणी सांगितलं सावत्र म्हणून?" वैजयंतीनं विचारलं.

परिचारिकेनं पडदा तिच्याकडे फिरवला. त्यावर लिहिलं होतं: आधार, शालन धोकटे यांचा स्वतःचा जबाब.

आत्यानं ते वाचलं.  हळूच वैजयंतीच्या हातातून आपला हात सोडवून घेतला. "जा तू," ती म्हणाली. "मी बसते इथं. एवढं काही नाही."

वैजयंतीनं पिशवीतून आपली पडद्याची पाटी काढली आणि तिथंच उभ्याउभ्या मूळपट उघडलं. त्यात प्रत्येक नात्याला दोन रेघा असतात. एक रक्ताची, ती डॉक्टरांसाठी. दुसरी घरची, ती लोकव्यवहारासाठी. दुसरी पहिलीवरून आपोआप भरते, पण झाड सांभाळणाऱ्याला ती बदलता येते. रक्ताची रेघ तिनं जशी होती तशी राहू दिली. घरच्या रेघेवर बोट ठेवून 'सावत्र' खोडलं आणि 'सख्खी' लिहिलं.

'आधार द्या,' मूळपट म्हणालं.

तिनं जागा रिकामी ठेवली.

'आधार नाही. नोंद लाल दिसेल व सर्वांना तशीच दिसत राहील. तरीही ठेवायची?'

"काय विचारायलंय ते?" आत्यानं विचारलं.

"काही नाही," वैजयंती म्हणाली आणि 'हो' दाबलं.

परिचारिकेच्या पडद्यावर आत्याचं नाव यादीत आलं. तिनं एकदा लाल नोंदीकडे पाहिलं, एकदा आत्याकडे, आणि बाजूला झाली. आत्या आत गेली, आत फार गार आहे म्हणून कुरकुरली, आणि झोपलेल्या रेवाच्या कपाळावर हात ठेवून उभी राहिली.

धोकट्यांच्या झाडात आज साडेसातशेच्या वर माणसं आहेत. तेवढी एकच नोंद लाल आहे. काटेकोर पुतणे-भाचे अधूनमधून ती वैजयंतीला दाखवतात, आणि ती त्यांना हात लावू देत नाही.